बेदाण्याची चाल

'कर्मचारी क्रमांक' हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. मी त्यात शून्य टाकून पाहिलं. लाल अक्षरं आली. सगळे नऊ टाकून पाहिले. पुन्हा लाल. शेवटी माझाच क्रमांक टाकला, तर सिस्टिम म्हणाली, हा शोधक आधीच नोंदवलेला आहे.

फॉर्म होता आमच्या कंपनीचा 'इन्व्हेन्शन डिस्क्लोजर'. लॅबमध्ये कुणाला काही नवीन सुचलं, की पेटंटचा अर्ज करण्याआधी हा अंतर्गत फॉर्म भरायचा असतो. त्यात शोधकांची नावं द्यायची. पहिलं नाव माझं होतं. दुसरं माझा सहकारी इम्रानचं. तिसरं मालन बापू साळुंखे. राहणार तासगाव तालुका, काम बेदाणा निवडणे. तिला कर्मचारी क्रमांक नव्हता, कंपनीचा ईमेल नव्हता, आणि 'सर्वोच्च पदवी' या रकान्यात बी.ई.च्या खालचा पर्यायच नव्हता.

अर्ज आठ दिवसांत दाखल व्हायला हवा होता.

हे इथपर्यंत कसं आलं ते सांगते.

मी पुण्यात एका मोठ्या कंपनीच्या रिसर्च लॅबमध्ये आहे. लोकांना वाटतं, रिसर्च लॅब म्हणजे पांढरे कोट आणि काचेच्या नळ्या. आमच्याकडे कोट कुणी घालत नाही. आमच्याकडे मीटिंगा असतात. माझ्या डावीकडच्या टेबलावर पुलाची थरथर मोजून त्यातल्या भेगा ओळखायचं काम चालतं, उजवीकडे खोकल्याच्या आवाजावरून दम्याचा अंदाज घेणारं अ‍ॅप तयार होतंय. माझा विषय कॅमेऱ्याचा. चित्र बघून संगणकाला एखादी गोष्ट ओळखायला शिकवायची.

मी मूळची विट्याची. वडिलांचं सेलमला गलाईचं दुकान होतं, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करण्याचं. त्यामुळे शाळा तमिळनाडूत आणि सुट्ट्या विट्यात. घरात मात्र सगळे विट्याचंच बोलायचे. म्हणून आमचे ग्रुप हेड कृष्णन सर यांनी जेव्हा विचारलं, "सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात काम करायला कोण जाईल?", तेव्हा मी हात वर केला. मला वाटलं, भाषा येतेय म्हणजे निम्मं काम झालं.

काम असं होतं. द्राक्षं रॅकवर सुकवून बेदाणा होतो. मग शेडमध्ये बायका रांगेत बसून तो निवडतात. काडी, काळपट मणी, फुटका मणी बाजूला काढतात. एक नंबरचा हिरवा माल वेगळा, पिवळा वेगळा. आम्ही या कामाला मदत करणारं मशीन बनवत होतो. पट्ट्यावरून बेदाणा जाणार, वरून कॅमेरा बघणार, खराब मणी हवेच्या फुंकरीनं उडवून टाकणार.

तासगावच्या पुढे एका गावात सुभेदारांची शेड होती. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, आणि तेव्हापासून गावात त्यांना दुसरं नाव उरलं नाही. बायकोसुद्धा "सुभेदार जेवायला चला" म्हणायची. त्यांनी आम्हाला शेडचा एक कोपरा दिला.

पहिल्याच दिवशी मशीननं सगळा माल एक नंबर हिरवा ठरवला. काडीसकट.

सुभेदार स्क्रीनपाशी वाकले. म्हणाले, "मशीन लय गुनी हाय, मॅडम. आता हेच व्यापाऱ्याला बी पटवून द्या."

कारण सोपं होतं. शेडला चारी बाजूंनी हिरवी जाळी. ऊन त्यातून गाळून आत यायचं आणि सगळ्यावर हिरवी छटा पडायची. माणसाचा डोळा हे आपोआप सावरून घेतो, कॅमेरा घेत नाही. आम्ही कॅमेऱ्याभोवती पेटी बांधली, आत आमचे स्वतःचे दिवे लावले. चार दिवसांत रंगाचा प्रश्न सुटला. मशीन बऱ्यापैकी काम करायला लागलं. मी पुण्याला जाऊन प्रेझेंटेशन दिलं. टाळ्या मिळाल्या.

दोन महिन्यांनी सुभेदारांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या मशीनमधनं पास झालेला माल कोल्ड स्टोरेजमधी नापास झालाय."

चाचणीचे खोके त्यांनी बाजूला ठेवले होते. मी जाऊन बघितले. सहांपैकी तीन खोक्यांत बेदाणा एकमेकांना चिकटून ढेकूळ झाला होता. रंग तपकिरी. एक मणी उचलला तर अख्खं ढेकूळ उचलून आलं.

हा ओलीचा घोळ होता. बेदाण्यात थोडी ओल असतेच, ती नसेल तर तो खडा होईल. पण जरा जास्त राहिली की साठवणीत साखर सुटते, मणी चिकटतात, काळे पडतात. खोक्यातले मूठभर ओले मणी आजूबाजूचे सगळे नासवतात. आणि ओला मणी दिसायला सुक्यापेक्षा छान दिसतो. टपोरा, चकचकीत. आमचा कॅमेरा नेमका त्यालाच पसंत करत होता.

"ओल मोजणारा सेन्सर लावा," कृष्णन सर म्हणाले.

लावला. डोळ्याला न दिसणारा प्रकाश टाकून पाण्याचा अंदाज देणारा सेन्सर असतो. लॅबमध्ये त्यानं उत्तम काम केलं. शेडमध्ये दुपारपर्यंत त्याच्या काचेवर साखरेची धूळ बसायची आणि तो भिंतीलासुद्धा ओली म्हणायचा. दर तासाला पुसायला माणूस ठेवावा लागला असता. शिवाय तो सेन्सर इतका महाग, की छोट्या शेडवाल्यानं मशीनचं नावच काढलं नसतं.

"सुनीता," कृष्णन सर म्हणाले, "पुढच्या रिव्ह्यूपर्यंत ओलीचं उत्तर दे. नाहीतर प्रोजेक्ट बंद करावा लागेल. मला वाईट वाटेल, पण करावा लागेल."

"किती दिवस?"

"पाच आठवडे."

मी पुन्हा तासगाव गाठलं. या वेळी मशीन बंदच ठेवलं. मनात एक साधा प्रश्न होता. सुभेदारांच्या शेडमधून आजवर गेलेला माल कधी असा चिकटला नव्हता. म्हणजे इथं कुणालातरी ओल कळत होती. कुणाला?

"मालनला इचारा," सुभेदार म्हणाले. "तिच्या हाताखालनं गेलेला खोका मी डोळं झाकून बंद करतो."

मालनमावशी रांगेच्या टोकाला बसायच्या. बारीक अंगाच्या, चष्मा दोरीनं बांधलेला. बोलायला मोजक्या, पण बोलल्या की शेजारच्या चार बायका हसायच्या. मी ओल मोजायचं छोटं यंत्र सोबत आणलं होतं. त्यात वाटीभर बेदाणा दाबून भरला की आकडा येतो. मी दहा ट्रे निवडले, यंत्रावर आकडे काढून वहीत लिहिले आणि ट्रे त्यांच्यापुढे ठेवले.

त्यांनी एकेक ट्रे सुपात ओतला, सूप हलवलं आणि निकाल दिला. "ह्यो वाळलाय. ह्यो वाळलाय. ह्यो न्हाई. ह्यात मिसळ हाय."

दहापैकी दहा बरोबर. 'मिसळ' म्हणालेल्या ट्रेमध्ये मीच मुद्दाम दोन प्रकार मिसळले होते.

"मावशी, कसं कळतंय तुम्हास्नी?" मी विचारलं. तिथं गेलं की माझी जीभ आपोआप विट्याला जाते.

"कळतंय की."

"हाताला चिकटतंय म्हणून?"

"आसंल."

मी खूश. वहीत लिहिलं, स्पर्श. मग माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. शेडमध्ये सगळ्या बायका रबरी हातमोजे घालून बसतात, स्वच्छतेचा नियमच आहे. त्यातून चिकटपणा काय कळणार? शिवाय बेदाणा सुपात होता, हातात नव्हता. मी 'स्पर्श' खोडलं.

दुसऱ्या दिवशी मी फक्त बसून राहिले. सूप वर-खाली कसं होतं ते बघितलं. डोळ्यांकडे बघितलं. संध्याकाळच्या सुमारास एक ट्रे त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "ह्यो न हलवता सांगा."

त्या हसल्या. "न हलवता कसं सांगू? माणूस बसलेला असला तर लंगडा हाय का धड, कसं कळंल?"

"म्हंजे?"

"आवं बाई, तुमी दोन म्हैनं झालं नुसता रंग बघतायसा. रंगानं काय हुतंय? चाल बघा की. वाळलेला मनी पळतोय. वला मनी पाय वढतोय."

शेजारच्या बायका हसायला लागल्या. मीही हसले. मग वही उघडून 'चाल' लिहिलं. कॅमेऱ्याला चाल बघता येते. तेवढंच तर त्याला उत्तम येतं. एका सेकंदात शंभरावर चित्रं काढायची आणि प्रत्येक मणी किती सरकला ते मोजायचं. नवा सेन्सर नको, काच पुसायला नको. आहे तोच कॅमेरा.

मी तिथूनच इम्रानला फोन लावला. "एक पाटी बनव. स्टीलची, तिरकी, मोटरवर झटका देणारी."

"कशासाठी?"

"बेदाण्यांची शर्यत लावायचीय."

इम्रान प्रश्न कमी विचारतो. चार दिवसांत पाटी तयार. पण पुढचे दहा दिवस आम्ही डोकं आपटत होतो. पाटीला झटका द्यायचा, मणी सरकायचे, संगणक प्रत्येकाचं अंतर मोजायचा. आकडे काही जुळेनात. कधी ओला पुढे, कधी सुका. झटक्याचा जोर बदलला. पाटीचा उतार बदलला. इम्राननं रविवारी येऊन पाटीला नवीन पॉलिश केलं. काही उपयोग नाही.

शेवटी मी आमच्या चाचणीचा व्हिडिओ मालनमावशींना पाठवला, त्यांच्या सुनेच्या फोनवर. दहा मिनिटांत व्हिडिओ कॉल आला. सून फोन धरून उभी, मावशी ओसरीवर ज्वारी निवडत बसलेल्या.

"बाई, तुमी पयल्याच झटक्याला बघताय."

"मग कवा बघायचं?"

"पयल्या झटक्याला समदंच बसलेलं असतंय. वलं बी आनि वाळलेलं बी. पयला झटका नुसता उठवायचा. मग जरा थांबायचं. आनि दुसरा द्यायचा. तवा बघायचं."

"जरा म्हंजे किती?"

मावशींनी हातातलं सूप हलवलं. थांबल्या. मान खाली घालून श्वास घेतला. पुन्हा हलवलं. "येवढं."

इम्राननं माझ्या शेजारी बसून मोबाइलवर वेळ मोजली. जेमतेम दोन सेकंद.

त्या दोन सेकंदांत काय होतं, हे आम्हाला नंतर समजलं. पहिल्या झटक्यानं सगळे मणी सुटे होतात. मधल्या थांब्यात ओला मणी, बाहेर साखर असल्यामुळे, पाटीला पुन्हा धरून बसतो. सुका धरत नाही. दुसऱ्या झटक्याला सुका सुटतो आणि ओला मागे राहतो. आम्ही थांबाच ठेवला नव्हता. एकच झटका देऊन निकाल मागत होतो.

प्रोग्रॅममध्ये दोन ओळी बदलल्या. झटका, थांबा, झटका. पाटीवर मणी टाकले. दुसऱ्या झटक्यानंतर मण्यांचे दोन सरळ घोळके झाले, डोळ्यांनी दिसतील इतके वेगळे. यंत्रावर ओल मोजली. पुढचे सगळे सुके, मागचे सगळे ओले.

इम्रान खुर्चीवर चढून ओरडला. उजवीकडच्या खोकल्याच्या प्रयोगात तो आवाज रेकॉर्ड झाला. त्या टीमनं आमच्यावर लेखी तक्रार केली.

आता पुन्हा त्या फॉर्मकडे येते.

रिव्ह्यूमध्ये सगळे खूश झाले. इतके, की कृष्णन सरांनी सांगलीतल्या एका शेती प्रदर्शनात मशीन दाखवायचं ठरवलं. मुख्य कार्यालयातून डायरेक्टर येणार होत्या. पेटंटचा एक नियम आहे. आपली कल्पना आपणच आधी लोकांसमोर मांडली की ती 'नवीन' राहत नाही, मग पेटंट मिळणं अवघड. म्हणून प्रदर्शनाच्या आधी अर्ज जायला हवा होता. हातात आठ दिवस.

आमच्या कंपनीत पेटंटचं काम रोहिणी बघते. पेशानं वकील. मी तिच्या टेबलापाशी गेले आणि फॉर्मची रड सांगितली.

"बाहेरची व्यक्ती?" ती म्हणाली. "मग आभारात नाव घाल ना. आपण तसंच करतो."

"आभार नाही. शोधक."

"सुनीता, शोधक म्हणजे कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली तो. ज्यानं प्रयोगाला मदत केली तो नाही."

"तू अर्जाचा मसुदा केलायस. त्यातला पहिला क्लेम वाच."

क्लेम म्हणजे पेटंटमध्ये आपण नेमका कशावर हक्क सांगतोय ते वाक्य. पहिला क्लेम सगळ्यात महत्त्वाचा. रोहिणीनं वाचला. पहिला झटका, ठरावीक विराम, दुसरा झटका, आणि दुसऱ्या झटक्यानंतरच्या हालचालीवरून ओल काढणे.

"विराम कुणी सुचवला?" तिनं विचारलं.

"तिनं."

"हालचाल बघा हे कुणी सुचवलं?"

"तिनं."

"तुम्ही दोघांनी काय केलं?"

"कॅमेरा लावला. मोजणी केली. पाटी बनवली."

रोहिणी खुर्चीत मागे रेलली. "मग ती शोधक आहे. नाव गाळलं तर उद्या कुणीही हे पेटंट पाडू शकेल." मग ती हसली. "कंपनीला हे आवडेल अशी भाषा मी शोधते."

कृष्णन सरांना तिनं हीच भाषा ऐकवली. सर आधी वैतागले. "बाहेरच्या माणसाची सही, करारपत्र, आठ दिवसांत? आणि तिनं नाही म्हटलं तर?"

"तर अर्ज जाणार नाही," रोहिणी म्हणाली.

"आणि तिचं नाव न घालता गेला तर?"

"तर माझी सही मिळणार नाही."

मग सरांनी आयटीला फोन लावून सांगितलं, "त्या फॉर्ममधला कर्मचारी क्रमांक ऐच्छिक करा. हो, आजच." सर तसे चांगले आहेत. त्यांना दोन वेळा विचारावं लागतं, एवढंच.

चौथ्या दिवशी मी आणि रोहिणी तासगावला. सुभेदारांनी शेडमध्ये खुर्च्या मांडल्या, शिपायासारखे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "सब तैयार है." मालनमावशी हातमोजे काढून समोर बसल्या. बाकीच्या बायकांनी हात चालू ठेवले आणि कान इकडे दिले.

रोहिणी पुण्याची, पण समजावून सांगायला पक्की. तिनं आधी विचारलं, "मावशी, ही दोन झटक्यांची रीत तुमच्याकडे पूर्वीपासून चालत आली आहे का? सासूबाईंनी वगैरे शिकवली?" हा प्रश्न कळीचा होता. परंपरेनं चालत आलेल्या गोष्टीवर पेटंट मिळत नाही.

"सासूनं? सासूला बेदाना ठावं न्हवता. ती ज्वारी पाखडायची." मावशींनी सुभेदारांकडे बोट केलं. "ह्यांच्यामुळं कळलं मला. सूप हलवत हुते, तवर ह्यांनी हाक मारली. हात तसाच थांबला. व्हय म्हनलं आनि परत हलवलं, तर सुपात दोन रांगा. म्हनलं, आँ? मग परत करून बघितलं. मग रोज बघाय लागले."

"बाकीच्यांना सांगितलं नाहीत?"

"कुनी इचारलंच न्हाई."

रांगेतल्या बायका एकदम बोलायला लागल्या. "आमाला कवा सांगितलंस गं?" "आमी शेजारी बसतोय की!" मावशी हसत म्हणाल्या, "तुमी बोलन्यात दंग असताय."

रोहिणीनं करारपत्र वाचून दाखवलं. शोधक म्हणून नाव मावशींचं राहणार. हक्क कंपनीकडे जाणार. कर्मचारी शोधकाला जो मान आणि मोबदला मिळतो, तोच त्यांना मिळणार. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पदरानं पुसला.

"एक इचारू?"

"विचारा ना."

"हक्क कंपनीचा झाला म्हंजे मी सूप हलवायचं बंद करायचं का? का तुमास्नी इचारून हलवायचं?"

मी हसणार होते. रोहिणीचा चेहरा बघून थांबले. ती हसत नव्हती. तिनं पेन खाली ठेवलं होतं.

"नाही मावशी. हक्क मशीनवर आहे. कॅमेरा लावून मोजण्यावर आहे. हातानं कुणीही करू शकतं."

"तुमी म्हनताय. कागद म्हनतोय का?"

कागद म्हणत नव्हता.

रोहिणी उठली, जाळीबाहेर जाऊन अर्धा तास फोनवर बोलली. मला तुकडे ऐकू येत होते. "नाही सर, प्रश्न बरोबर आहे... नाही, तोंडी नाही चालणार..." तोवर सुभेदारांनी चहा मागवला. एका बाईनं मला विचारलं, "मशीन आलं म्हंजे आमचं काम जानार का?" मी खरं तेच सांगितलं. रंग आणि ओल बघायचं काम मशीन करेल. मशीनमधून सुटलेली काडी आणि फुटका मणी काढायला माणूस लागेलच, पण पूर्वीइतकी माणसं लागतील का, हे मला माहीत नाही. मग सुभेदार म्हणाले, "जास्त माल घेऊ. आजवर वल्याच्या भीतीनं दुसऱ्याचा माल मी शेडमधी घेत न्हवतो. आता घेईन. आनि मशीनवर मालनच बसंल. दुसऱ्या कुनाचं ते ऐकायचं न्हाई." बायका हसल्या. ती शेड त्या हंगामात खरंच दुप्पट चालली, पण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

रोहिणी परत आली. शेडच्या छोट्या प्रिंटरवर नवीन पान निघालं. हातानं पाखडून ओल ओळखायची ही रीत कुणीही, कुठंही, कायम वापरू शकतो, अशी दोन ओळींची अट मराठीत आणि इंग्रजीत घातली होती. मावशींनी मराठी ओळी बोट ठेवून सावकाश वाचल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, पण वाचायची सवय मोडली नव्हती. मग सही केली. सगळी अक्षरं सुटी, एकेक उभं.

"शिक्षण काय लिहू?" रोहिणीनं विचारलं.

"चवथी."

"आणि व्यवसाय?"

मावशी बोलण्याआधीच पाठीमागून सुभेदार म्हणाले, "लिहा, बेदाणा परीक्षक." मावशी लाजल्या. पण नको म्हणाल्या नाहीत. रोहिणीनं तेच लिहिलं.

अर्ज प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी दाखल झाला.

सांगलीच्या प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर गर्दी उसळली. कृष्णन सरांनी इंग्रजी स्लाइड्स आणल्या होत्या. पहिल्या स्लाइडनंतर समोरचे शेतकरी निघायला लागले. सरांनी माझ्याकडे बघितलं, मी मावशींकडे. मावशी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून आल्या होत्या. त्यांनी माइक नको म्हटलं, मशीनपाशी गेल्या आणि पाटीवर मूठभर बेदाणा टाकला.

"हिकडं बघा. ह्यो पयला झटका. ह्यो सोडून द्या. आता थांबा... आता बघा!"

दोन घोळके झाले. गर्दीतून "आँ!" असा आवाज उठला. एका म्हाताऱ्या बागायतदारानं खिशातून स्वतःच्या बागेतला बेदाणा काढला. "आता ह्यो टाक." मावशींनी टाकला. सगळेच्या सगळे मणी मागे राहिले. गर्दी खदखदून हसली. म्हातारा स्वतःही हसला. म्हणाला, "घरी जाऊन पोराचं कान धरतो. वाळला म्हनून सांगत हुता." त्यानंतर आटपाडीपासून मिरजेपर्यंतच्या लोकांनी खिसे, रुमाल, पिशव्या उघडल्या. दुपारपर्यंत मावशी हटल्या नाहीत.

डायरेक्टरबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "त्या काय सांगतायत?"

"ओला बेदाणा पाय ओढतो, असं सांगतायत."

"हे आपल्या माहितीपत्रकात का नाही?"

मी कृष्णन सरांकडे बघितलं. सर स्लाइड्स बंद करत होते.

आज अशी मशीनं द्राक्षपट्ट्यात बऱ्याच शेडमध्ये आहेत. अर्ज दाखल होऊन दीड वर्ष झाल्यावर तो रीतसर प्रसिद्ध झाला, तीन शोधकांच्या नावांनी. मावशींनी ते पान लॅमिनेट करून घेतलं आणि नातीच्या शाळेत नेऊन दाखवलं. मुख्याध्यापकांनी त्यांना मुलांपुढे बोलायला उभं केलं, आणि "शेड सोडून एवढ्या लोकांपुढं बोलाय लागतंय ते तुमच्यामुळं," असं म्हणत त्यांनी फोनवर मला चांगलंच सुनावलं. पेटंट अजून मंजूर व्हायचं आहे. पेटंट ऑफिसच्या परीक्षकांनी दोन हरकती काढल्यात. रोहिणी उत्तरं लिहितेय आणि दर आठवड्याला मावशींना फोन करतेय. मला वाटतं, त्यातले निम्मे फोन कामाचे नसतात.

या प्रकरणानंतर मी कुठल्याही नव्या ठिकाणी गेले की पहिले दोन दिवस लॅपटॉप उघडत नाही. जिथं काम चालतं तिथं जाऊन बसते आणि बघते. आमच्या लॅबमध्ये यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. अर्जात 'दोन दिवस बसून बघणार' असं लिहिलं तर तो परत येतो. 'फील्ड बेसलाइन स्टडी' लिहिलं की त्याच दिवशी मंजूर होतो.